एकच प्रत

मेयोच्या या टोकाला, फिरत्या वाचनालयाला, एकच प्रत आली.
मुखपृष्ठावर उघड्या पाठीचा पुरुष, पलीकडे समुद्र,
हातात काहीतरी केसाळ, ओलं.
मी गाडी चालवतो, शिक्के मारतो.
मत देत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी:
बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला भाड्याच्या घरात
एक करडा कोट सापडतो. कोट नव्हेच तो, सीलचं कातडं.
दुसऱ्या दिवशी जिचं आहे ती दारात.
तो कातडं फ्रीझरमध्ये लपवतो, मटारांच्या पिशव्यांखाली,
आणि तिला चहा विचारतो.

कन्सेप्टा गॉन, चर्चच्या फाटकापाशी:
"एकशे दहाव्या पानापर्यंत नुसतं बघणंच चाललंय.
माझ्या वयाकडे पाहून तरी बाईनं जरा उरकायचं."

धक्क्यावरचा पॉरिक. तो वाचत नाही,
बायकोच्या उशाशी होतं म्हणून चाळलं.
"सीलच्या अंगाला लव्हेंडरचा वास?
जाळ्यात अडकलेलं एक सोडवून बघ म्हणावं,
आठवडाभर घरात कोणी शेजारी बसणार नाही."
मटारांचं प्रकरण मात्र त्याला तोंडपाठ.

मॅलकी मास्तरांनी आयरिश शब्दांतल्या चुका
पेन्सिलीनं सुधारून दिल्या. सात.
"माझी आत्या सांगायची त्यात तिला नाव नव्हतं.
समुद्रातल्या बाईचं नाव घेऊ नये.
इथं नाव आहे, ईमेल आहे."
मग जाता जाता, पायरीवरून:
"आपल्या बेटावर साप नाहीत ना,
म्हणून कात टाकायचं काम सीलवर आलं."

दोरोता, माशांच्या कारखान्यातली, पोलंडची:
"आमच्या नदीतल्या बाया माणसाला सरळ बुडवतात.
तुमच्या लग्न करतात.
जास्त वाईट काय, ते ठरवतेय."

साइव्ह, वय सतरा, दोनदा रडली,
तिसऱ्यांदा रडायला पुन्हा घेऊन गेली.
परत करताना गप्प. २०४ पानावर चॉकलेटचं बोट.
"चोरीच ना ती? आणि मी त्याच्यावर जीव टाकत होते."

इटा लव्हेलचा थांबा शेवटचा, रस्ता संपतो तिथं.
तिनं तीनदा मुदत वाढवून घेतली.
चौथ्यांदा मी म्हटलं, आवडलेलं दिसतंय.
पुस्तक ठेवलं, हात तसाच वर.

"जुन्या गोष्टीत कातडं पोराला सापडतं.
गवताच्या गंजीत, नाहीतर आढ्यावर.
आई, हे मऊ मऊ काय गं, असं म्हणतं,
आणि सगळी गोष्ट आईमागं पाण्याकडं धावते.
पोराकडं कोणी वळून बघत नाही.
या बाईनं पोरच काढून टाकलंय.
हिचं हिलाच सापडतं, हीच जाळते, प्रेमापोटी.
शेवटी जुळी. खळ्यांसकट."

वारा गाडी हलवत होता. कप्प्यात पुस्तकं एकमेकांना टेकत होती.

"सात वर्षांची होते मी.
बाबांनी सूटकेस जळणाच्या खोपटात लपवली होती.
तपकिरी, एक कडी तुटकी.
मला वाटलं, हरवली म्हणून आई रडते.
हात धरून नेलं मी तिला तिथं."

मग लिव्हरपूल. नाताळला पाकीट,
आत दहा शिलिंग, चिठ्ठी नाही.

मला काही सुचेना. विचारून बसलो, परत कधी आली?
"सील येतात की," ती म्हणाली. "दर शरदात,
समोरच्या बेटावर, पिलं घालायला."
आणि बागकामाचं एक पुस्तक घेऊन उतरली.

रात्री तपासताना ते पान सापडलं,
जिथं कातडं पेट घेतं. समासात बारीक पेन्सिल:
खोटं.
त्याखाली, दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, फिकट:
पण वाचून बरं वाटलं.

नियम असा की खोडायचं. खोडरबर खिशातच असतं.
मास्तरांच्या सातही चुका मी पुन्हा चुकीच्या केल्या.
हे पान उलटलं.

यादीत अजून चौघं आहेत.
पहिलं नाव कन्सेप्टाचं, पुन्हा.